सोफ्याआधी जमीन मोजा

वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कुठे ती 160 चौरस फुटांची खोली अन् कुठे हे 500 फुटांचे घर! पण भगिनींनो, दुकानात शिरण्यापूर्वी हिशेब करा. 6 बाय 3 फुटांचा सोफा 18 चौरस फूट जमीन अडवतो. तेवढ्याच जागेत पेटीची बैठक करून घ्या. आत गाद्या-रजया मावतील, वर सासूबाईंना निवांत पडता येईल. मुलांसाठी भिंतीला घडीचे टेबल लावा. अभ्यास संपला की मिटले! उरलेली जमीन मोकळीच राहू द्या. चाळीत दार उघडले की शेजार होता; इथे शेजारणीला मुद्दाम बोलवावे लागेल. तिला ऐसपैस मांडी घालून बसता आले, तर घर सजले म्हणायचे!