करवतीवरचे नाव

जुन्या ब्रिटिश हातकरवतीचा काळ ठरवताना संग्राहक प्रथम पात्यावर ठोकलेले नाव वाचतो आणि बहुधा तिथेच थांबतो. सायमन बार्ले यांचा ब्रिटिश करवतकारांवरील बृहद्ग्रंथ २०१४ साली निघाल्यापासून नावावरून पेढी आणि पेढीवरून वर्षे काढणे पुष्कळ सोपे झाले आहे. माझी तक्रार त्या ग्रंथाविषयी नाही, आपल्या वाचनाविषयी आहे. पोथीच्या पुष्पिकेतला शक मागच्या प्रतीवरून जसाच्या तसा उतरलेला असू शकतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. मग पोलादापुढे हा संशय कुठे जातो?

शेफिल्डमध्ये घडलेल्या कितीतरी करवतींवर 'लंडन' ही अक्षरे आहेत, कारण लंडनच्या मालाला मान होता. 'जर्मन स्टील' हा शिक्काही शेफिल्डच्याच मालावर आढळतो; तिथे तो देश सांगत नाही, पोलादाची प्रत सांगतो. कधी नाव कारागिराचे नसून विकणाऱ्या दुकानदाराचे असते. मूळ मालक वारल्यावरही पेढी त्याच्याच नावाने चालू राहते. 'कास्ट स्टील' या शब्दांवरून एवढेच कळते की, बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ते पोलाद साधले, त्याआधीची ही करवत नव्हे. अलीकडची सीमा त्यातून मिळत नाही.

म्हणून मुठीकडे वळावे. तिचा आकार, लाकूड, आणि ती पात्याला धरून ठेवणारे पितळी नट. खाच पाडलेले, लाकडाच्या पातळीत बसणारे नट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू मागे पडले. पण सगळीकडे एकाच वेळी नव्हे. शिवाय मूठ मोडली की सुतार नवी बसवी. नाव एका पिढीचे आणि मूठ दुसऱ्या पिढीची, असा प्रक्षेप इथेही असतोच.

अशा गोंधळात बेंजामिन सीटनची हत्यारपेटी हा मोठा आधार आहे. १७९६ साली लंडनमध्ये घेतलेली ही हत्यारे आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहेत. त्यांची यादीही टिकली, आणि ती फारशी वापरली गेली नाहीत. तिच्यातल्या केन्यन पेढीच्या करवती म्हणजे जणू तारीखवार, अस्पर्शित प्रत. बाकीच्या करवतींचे पाठ त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

मात्र या प्रतीच्या मोहातूनच एक वाईट खोड जडते. वर्षानुवर्षे कानस लागून अरुंद झालेले पाते घासून चकचकीत करायचे, सुताराने बसवलेली मूठ काढून 'काळाला शोभेल' अशी नवी लावायची, आणि याला जीर्णोद्धार म्हणायचे. घासताना पुसट शिक्का उरलासुरला जातो. मुठीबरोबर दुरुस्तीचा पुरावा जातो. सीटनची पेटी कोरी राहिली, हा अपवाद आहे. झिजलेल्या करवतीने कोरी दिसावे, हा हट्ट मला पटत नाही.

कित्येक जुन्या करवतींच्या टोकाशी, वरच्या कडेवर एक इवलासा उंचवटा असतो. तो कशासाठी, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. घासणाऱ्याच्या हातून पुष्कळदा तोच आधी जातो.