पट्टीला दोष देण्याआधी

सीताबर्डीवरून आणलेली रंगीत एलईडी पट्टी लुकलुकली, भलताच रंग दाखवू लागली किंवा अर्ध्यातूनच बंद पडली, की नागपुरात निकाल तयार असतो : ‘माल डुप्लिकेट आहे.’ गणपतीचे मखर सजवणारे हे म्हणतात, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही हेच म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. बाजारात हलका माल आहेच. शिवाय लायब्ररी आयती मिळते, नमुन्याचा कोड टाकला की आठ दिवे झकास लागतात. मग तीनशे नीट लागत नसतील तर दोष पट्टीचाच, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो.

पण तो टिकत नाही. आठ दिवे लागले, याचा अर्थ चूक अजून दिसण्याइतकी वाढलेली नाही, एवढाच.

सर्वांच्या ओळखीची डब्ल्यूएस२८१२बी घ्या. तिला क्लॉकची वेगळी तार नाही. सारी मदार वेळेवर. एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. त्यात सिग्नल सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक. दिव्यामागे २४ बिट, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. आठ दिव्यांचे काम पाव मिलिसेकंदात उरकते, तीनशेंना ९ मिलिसेकंद लागतात. अर्डुइनो उनोवर नेहमीच्या लायब्ररी तेवढा वेळ इंटरप्ट रोखून धरतात. तेवढ्यात १,१५,२०० बॉडने सीरियलवर शंभरेक बाइट येतात आणि बहुतेक हरवतात. मोबाइलवरून दिलेला हुकूम अशा वेळी पोचला नाही, तर पट्टीने काय करावे?

रंगाचेही तेच. ही पट्टी हिरवा, लाल, निळा या क्रमाने आकडे घेते. ड्रायव्हरमध्ये लाल आधी लिहिला, की संत्र्याच्या रंगाऐवजी पोपटी उमटतो. आणि लुकलुकण्याचे कारण बहुधा व्होल्टेजमध्ये असते : ५ व्होल्टच्या पट्टीला सिग्नल निदान ३.५ व्होल्टचा हवा, ईएसपी३२ देतो ३.३. म्हणून कधी चालते, कधी नाही. आणि या बेभरवशाचे खापर आपण दुकानदारावर फोडतो.

मग करावे काय? वेळ सांभाळण्याचे काम हार्डवेअरकडे सोपवावे : ईएसपी३२मध्ये आरएमटी, रास्पबेरी पाय पिकोत पीआयओ, एसटीएम३२मध्ये टायमर आणि डीएमए. चिपचा नेमका प्रकार, रंगांचा क्रम आणि रिसेटचा अवधी कोडच्या आरंभीच लिहावा. जुन्या चिपला ५० मायक्रोसेकंद पुरतात, नव्या आवृत्त्यांना २८०हून अधिक लागतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ घालून सिग्नल ५ व्होल्टवर न्यावा. पूर्ण पांढऱ्या उजेडात दिव्यामागे ६० मिलिअँपिअर धरले तर तीनशे दिवे १८ अँपिअर मागतात. म्हणून वीज दोन्ही टोकांना द्यावी, नाहीतर शेवटचे दिवे लालसर पडतात. फास्टएलईडीत विजेची कमाल मर्यादा घालता येते, ती घालावी.

एवढे करूनही पट्टी बिघडली, तर माल खराब असे खुशाल म्हणावे. तेव्हा त्या म्हणण्यामागे तपास असेल. तोंडी परीक्षा घेणाऱ्यांनीही नुसते दिवे लागलेले पाहून गुण देऊ नयेत. बिटचा अवधी किती, सिग्नल किती व्होल्टचा, विजेचा हिशेब कुठे, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तरे येतील, त्याच्याच हाती वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या रोषणाईचे काम द्यावे.