‘नॉव्हेल’ आणि ‘कादंबरी’

‘नॉव्हेल’ या इंग्रजी शब्दाला ‘कादंबरी’ हा प्रतिशब्द आपण इतका सहज स्वीकारला आहे की, दोहोंतील अंतराची चर्चा वर्गात क्वचितच होते. ‘नॉव्हेल’चा मूळ अर्थ ‘नवे’. विशेषण म्हणून तो इंग्रजीत आजही रूढ आहे. ‘कादंबरी’ हे मात्र सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. एका शब्दात नावीन्याचा दावा आहे, दुसऱ्यात परंपरेचे स्मरण. शिवाय अद्भुतप्रधान ‘रोमान्स’ आणि समकालीन जीवनाचे चित्रण करणारी ‘नॉव्हेल’ असा भेद क्लारा रीव्ह यांनी १७८५ मध्येच मांडला होता. मराठीने दोहोंना एकच संज्ञा दिली. म्हणूनच ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि ‘मुक्तामाला’ (१८६१) या भिन्न प्रकृतीच्या कृती एकाच नावाखाली नांदतात. असे असता ‘मुक्तामाले’त वास्तवाचा अभाव आहे, असा दोष देताना आपण संज्ञा मराठी वापरतो आणि निकष मात्र ‘नॉव्हेल’चा लावतो. आरंभकालीन मराठी कादंबरीवर होणारा हा अन्याय प्रश्नपत्रिकांतूनही दृढ होत जातो. त्यासाठी संज्ञा बदलण्याचे कारण नाही. तिची व्याप्ती ध्यानात घेऊन मूल्यमापन करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.