पहिलीच्या लेकरांचा आठवडा कोणी खाल्ला?

पोस्ट मोठी आहे. ज्यांचं लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांनी तिथून काढून हिंगोलीच्या इंग्लिश स्कूलच्या गाडीत बसवलं, त्यांनी तर नक्की वाचा.

मागच्या आठवड्यात नरसी नामदेवच्या आसपासच्या एका शाळेत रोज जाऊन बसलो. शाळेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की नोटीस शिक्षकाला येते आणि प्रश्न जागेवरच राहतो. चार वर्ग, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका सरांकडे, तिसरी-चौथी दुसऱ्यांकडे. मी पहिली-दुसरीत मागे सतरंजीवर बसलो.

सोमवारी सरांनी काना शिकवला. 'मन'ला काना दिला की 'मान', 'मळ'चं 'माळ', 'फळ'चा 'फाळ'. फाळ म्हटल्यावर सगळी लेकरं हसली, घरातलीच वस्तू! एक मुलगी उठली आणि कोणी न सांगता फळ्यावर 'मामा' लिहून आली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला.

मंगळवारी सर तालुक्याला बैठकीला. चारही वर्ग दुसऱ्या सरांवर. पहिलीला सांगितलं, एक ते पन्नास अंक काढा. बुधवारी सर आले, पण मान मोबाईलमध्ये. ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची माहिती, आधारमधल्या नावाची चूक, 'अपार'चा आयडी. रेंज नाही म्हणून सर मंदिराच्या ओट्यावर जाऊन उभे. गुरुवारी मतदार यादीचं काम. शुक्रवारी सकाळी सरांनी परत काना विचारला. तीच मुलगी फळ्यापुढे उभी राहिली. समोर 'मान' लिहिलेलं, तिने वाचलं 'मन'. दुपारी वरून तातडीची माहिती मागवली. शनिवारी दप्तराविना उपक्रम. कागदाच्या होड्या छान झाल्या, पण फोटो अपलोड होईपर्यंत सुट्टीची वेळ झाली.

हिशेब करा. सहा दिवसांत पहिलीच्या लेकरांना सलग शिकायला मिळालं सोमवारी आणि शुक्रवारी अर्धा दिवस.

आता कायदा बघा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. मतदार यादीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. मग गुरुवार काय सुट्टीचा दिवस होता? २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं, तेव्हा घरोघर फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांत गुरुजीच होते ना? त्याच कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक केलंय. कागदावर ते भरतात. वर्गात भरतात का, हे कोण बघतं?

काही जण म्हणतील, एक-दोन दिवसांनी काय बिघडतं? सातवीचं लेकरू सर नसले तर पुस्तक उघडून वाचतं. पहिलीचं कसं वाचणार? त्याला वाचता यावं म्हणूनच तर शाळेत घातलंय. आज कळलेलं अक्षर उद्या परत डोळ्यापुढून, बोटाखालून गेलं तरच टिकतं. घरी आई-बाप निंदणीला, अभ्यास घेणारं कोणी नाही. दिवाळीनंतर काहींचे आई-बाप ऊसतोडीला जातील, ही लेकरंही सोबत जातील. त्यांच्यासाठी जून ते दिवाळी एवढंच वर्ष आहे हो!

केंद्राचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे, असं ध्येय. ध्येय चांगलंय. पण वाचायला शिकवायचा वेळ त्याच वाचनाची माहिती भरण्यात जात असेल तर काय उपयोग?

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून महाराष्ट्र पेटला. १६ एप्रिलला निर्णय, १७ जूनला बदल, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. आम्ही पत्रकारांनी पानंच्या पानं भरली. नामदेवांच्या गावाला दुसऱ्या भाषेचं वावडं नाही. महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पण तिसऱ्या भाषेवर भांडताना पहिल्या भाषेतला काना शिकवायला वर्गात माणूस आहे का, हे कोणी विचारलं? मीही नाही विचारलं. प्रवेशोत्सवाचे फुग्यांचे फोटो मात्र दरवर्षी छापले.

सगळे गुरुजी धुतल्या तांदळासारखे आहेत, असं माझं म्हणणं नाही. बैठकीच्या नावाखाली घरी जाणारेही आहेत. म्हणूनच हिशेब उघड्यावर पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. नुसत्या सह्या करू नका. शाळेची हालचाल नोंदवही मागा. गुरुजी कोणत्या दिवशी, कोणाच्या आदेशाने, कुठे गेले ते वाचा. दर शनिवारी फळ्यावर लिहायला लावा, या आठवड्यात पहिलीला किती तास शिकवलं. तो आकडा ग्रामसभेत वाचा, फोटो काढून वर पाठवा. वरच्यांना फोटो फार आवडतात!

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण त्याआधी आज रात्री घरातल्या लेकरापुढे 'मान' लिहा आणि वाचायला सांगा.