चुंबक विकत घेण्याआधी टायरमध्ये हवा भरा

मंडळी, आमच्या नात्यागोत्यात सध्या पाच जुन्या डिझेल पिकअप आहेत. सगळ्या जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या, सगळ्या टोमॅटो-कांदा-कोथिंबीर वाहणाऱ्या आणि सगळ्यांच्या मालकांची तक्रार एकच. "गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही." लग्न असो, दशक्रिया असो, पंगतीत बसलं की हा विषय निघतोच. मग कुणीतरी डिझेलच्या पाइपवर लावायच्या चुंबकाचं नाव काढतं, कुणी टाकीत ओतायच्या बाटलीचं. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर: ड्रायव्हर चोर आहे.

मला हे एकमत मान्य नाही. नातेवाईक रागावले तर रागावोत, पण आज स्पष्ट लिहितो. जुन्या पिकअपचं डिझेल बहुतेक वेळा मालक खातो. म्हणजे तोंडाने नव्हे, पण न भरलेल्या हवेतून, न बदललेल्या फिल्टरमधून आणि न मोजलेल्या मालातून. आणि हे झाकण्यासाठी ड्रायव्हरला डिझेलचा जो ठरलेला कोटा दिला जातो, तो अन्यायाचा तर आहेच, पण जीवघेणाही आहे.

आधी चुंबकाचं बघू. दुकानदार सांगतो की चुंबकाने डिझेलचे रेणू "सरळ रांगेत" येतात आणि पूर्ण जळतात. डिझेल हा हायड्रोकार्बनचा साठा. त्यावर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो की जळण्यात काही फरक पडायचं कारणच नाही. शिवाय धडधाकट डिझेल इंजिनात जवळजवळ सगळं इंधन तसंही जळतंच. न जळलेलं काही थोडं उरतं, त्यातून वीस टक्के बचत कुठून निघणार? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) आजवर अशी शंभरावर इंधनबचतीची उपकरणं तपासली. लक्षणीय फायदा देणारं त्यात हाती लागलं नाही, उलट काहींनी इंजिनाचं नुकसान होऊ शकतं असं निघालं. पण आमच्या तालुक्याच्या गावातला दुकानदार दीड हजार घेऊन "महिन्यात फरक नाही पडला तर बोला" म्हणतो. महिन्याने कोण बोलायला जातं?

रॉकेल मिसळणारे महाभागही आहेत. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असतं, म्हणजे लिटरमागे ऊर्जा कमीच मिळते. आणि जुन्या गाडीच्या डिझेल पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. रॉकेलात ते वंगण नाही. चार पैसे वाचवायला जायचं आणि पंप-नोझलच्या दुरुस्तीत हजारो घालवायचे, हा हिशोब मला कधी कळला नाही.

मग "माझ्या गाडीला चुंबकाने फरक पडला" म्हणणारे खोटं बोलतात का? नाही हो. ते मोजतच नाहीत. पाचशेचं डिझेल टाकलं, काटा एवढा हलला, दोन फेऱ्या झाल्या, हे मोजमाप नव्हे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, गाडी चालवा, त्याच पंपावर परत काठोकाठ भरा, किती लिटर बसलं ते लिहा. असं निदान चार-पाच वेळा करा, आणि प्रत्येक वेळी माल किती होता तेही लिहा. आणखी एक गंमत सांगतो. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. सत्तर सेंटीमीटर व्यासाच्या चाकाची नक्षी आठ मिलिमीटर झिजली तर फरक दोन टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे गुळगुळीत टायरवर कागदावरचं अ‍ॅव्हरेज आपोआप सुधारतं! रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघून एकदा मीटर तपासून घ्या, मग चमत्कारांवर बोलू.

बरं, जुन्या गाडीवर एवढी मेहनत कशाला, असं आमचे एक दाजी विचारतात. तर दाजी, साधं गणित आहे. १४ चं अ‍ॅव्हरेज १५ वर नेलं तर १०० किलोमीटरला अर्धा लिटरही वाचत नाही. पण ८ चं ९ वर नेलं तर जवळजवळ १.४ लिटर वाचतं. एकच किलोमीटर वाढला, पण जुन्या खादाड गाडीत त्याची किंमत तिप्पट. महिन्याला २००० किलोमीटर धावणारी गाडी ११ वरून १३ वर आणली तर २८ लिटर वाचलं. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला अडीच हजार झाले.

आणि हे दोन किलोमीटर मिळतात कुठून? जादूतून नाही, कंटाळवाण्या कामांतून.

हवा. टायर थंड असताना, मालाच्या वजनाप्रमाणे, पुस्तिकेत दिली आहे तेवढी. आठवड्यातून एकदा, स्वतःच्या गेजने. लाथ मारून हवा कळत नाही. बैलगाडी ओढणाऱ्याला मऊ रस्ता जसा जड जातो, तसं इंजिनाला मऊ टायर जड जातं.

ब्रेक. वीस-पंचवीस किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या (चिकटवू नका, चटका बसेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर लायनर चिकटतंय किंवा बेरिंग गेलंय. म्हणजे तुम्ही अर्धवट ब्रेक दाबूनच वाशीला जाताय.

एअर फिल्टर. पेट्रोलच्या नव्या गाड्या हवा मोजून इंधन देतात. तुमची जुनी पिकअप असं काही करत नाही. पाय जेवढा दाबाल तेवढं डिझेल पंप देणार, हवा आली का नाही याची त्याला फिकीर नाही. फिल्टर धुळीने तुंबला की डिझेल तेवढंच, हवा कमी, आणि मागून काळा धूर. तो काळा धूर म्हणजे तुमचेच पैसे. आमच्याकडे द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवरून गाडी फिरते आणि फिल्टर बघायचा तो सर्व्हिसिंगला!

पंपाचा स्क्रू. चढाला गाडी ओढत नाही म्हटलं की काही मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतात. गाडी ओढते, मालक खूश. अ‍ॅव्हरेज गेलं की ड्रायव्हर चोर. नोझल टेस्टिंग आणि पंप कॅलिब्रेशन करणाऱ्याकडे गाडी एकदा नेऊन सगळं मूळ मापावर आणा.

थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून तो "वॉल" काढून फेकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. खरं दुखणं असतं चोंदलेल्या रेडिएटरचं किंवा ढिल्या बेल्टचं. पण वॉल काढला की थंडीत, पहाटेच्या फेरीत इंजिन कितीतरी वेळ नीट तापतच नाही. थंड इंजिन जास्त डिझेल पितं आणि लवकर झिजतं. पाच-सहाशे रुपयांची वस्तू काढून टाकून आपण वर्षभर दंड भरतो.

बॅटरी. ही माझी सगळ्यात आवडती! मार्केटमध्ये नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास गाडी चालू ठेवलेली मी बघितली आहे. का? तर बंद केली तर परत स्टार्ट होणार नाही, ढकलावी लागेल. असं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तरी तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. रोज दोन तास धरले तर महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत पंचवीस लिटर. दोन हजारांवर रुपये धुरात. नवी बॅटरी तीन-चार महिन्यांत फिटली असती. पण बॅटरी घ्यायची मालकाने, आणि डिझेल उडवलं म्हणून बोलणी खायची ड्रायव्हरने.

आता मालाबद्दल. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं. सव्वा टनाचं पासिंग असलेल्या गाडीत साठेक क्रेट बसायला हवीत. आमच्याकडे शंभर भरतात, तीही केबिनच्या वर दोन थर चढवून, वर फडफडणारी ताडपत्री. वारा अडवायला ही भिंतच! मालक म्हणतो, दोन फेऱ्यांपेक्षा एकीत डिझेल कमी लागतं. क्विंटलमागे हिशोब केला तर ते खरंही आहे, मी नाकारत नाही. पण मग त्याच गाडीने रिकामी असतानाचं अ‍ॅव्हरेज द्यावं ही अपेक्षा कशी? आणि पाटे, क्लच प्लेट, टायर, लायनर यांचं बिल त्या हिशोबात कोण धरतं?

वेगाचंही तसंच. पीसीआरए ही सरकारी इंधनबचत संस्था वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ वरून ८० वर गेलात की तो दुपटीच्या वर जातो, आणि पिकअपचं तोंड कपाटासारखं. पण मालकाचा हुकूम काय असतो? "अ‍ॅव्हरेज पण दे, आणि पहाटे तीनच्या आत वाशीत पोच." दोन्ही एकदम कसं होणार, हे कुणी त्या ड्रायव्हरला सांगेल का?

आणि इथे मी मूळ मुद्द्यावर येतो.

नारायणगाव ते वाशी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरा. मालक १२ च्या अ‍ॅव्हरेजने २५ लिटर डिझेल मोजून देतो. वाचलं तर तुझं, कमी पडलं तर तुझ्या खिशातून. ऐकायला किती न्याय्य! पण वर सांगितलेल्या सगळ्या दुखण्यांमुळे गाडी प्रत्यक्षात साडेदहाच देते. म्हणजे साडेतीन लिटर कमी पडलं, तीनशेवर रुपये. हे रुपये ड्रायव्हरच्या रोजच्या कमाईतून जाणार. टायर त्याच्या हातात नाही, पंप त्याच्या हातात नाही, माल त्याच्या हातात नाही, वेळ त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात उरतं काय? गिअरची दांडी आणि चावी. मग माळशेज घाट उतरताना तो गाडी न्यूट्रल करतो. कधी इंजिनच बंद करतो.

यातलं दुर्दैव असं की घाटात यातून काही वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि पंपाचा गव्हर्नर डिझेल बंद करतो. खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. इंजिन बंद केलं तर खर्च शून्य, म्हणजे गिअरमध्ये होता तेवढाच! सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते आणि पाव लिटर वाचतं, हे खरं. वीस-पंचवीस रुपये.

त्या वीस-पंचवीस रुपयांत काय विकलं जातं बघा. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावर फिरणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत तो संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडथळा नाही, म्हणजे दोन टन मालाचा सगळा भार लायनरवर. लायनर तापले की पकड सुटते. बातमीत मग छापून येतं, "ब्रेक फेल".

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकल्या. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. सगळ्यांनी त्या चालकाला शिव्या घातल्या. त्याला ते डिझेल वाचवायची एवढी गरज का पडली, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

ड्रायव्हर डिझेल काढून विकतच नाहीत, असं मी म्हणत नाही. विकतात काही. पण चोर पकडायचा तर आधी गाडी नीट करा आणि नीट मोजा. दुरुस्त गाडीचं, ठरलेल्या मालाचं, ठरलेल्या रस्त्याचं अ‍ॅव्हरेज हातात असेल तर चोरी दोन टाक्यांत कळते. मोजमाप नसताना कोटा लावणं म्हणजे प्रामाणिक माणसाला दंड आणि चोराला आडोसा.

तेव्हा माझ्या पाचही पिकअपवाल्या नातेवाइकांना जाहीर विनंती. कोटा बंद करा. डिझेल लागेल तेवढं द्या, वही ठेवा. चुंबकाच्या पैशात हवेचा गेज, एअर फिल्टर आणि थर्मोस्टॅट येतो, वर चहाचे पैसे उरतात. आणि ड्रायव्हरला तोंडाने स्पष्ट सांगा: "बाबा, घाटात गाडी गिअरमध्येच उतरव, अर्धा तास उशीर झाला तरी चालेल." हे वाक्य मालकाच्या तोंडून आलं तरच त्याला किंमत आहे.

असो. आता पुढच्या लग्नात माझ्याशेजारी कोण बसतंय ते बघतो :)

ता. क. - "एवढं कळतं तर स्वतः पिकअप घे" असं म्हणणाऱ्यांसाठी: आधी तुमच्या गाडीची हवा तपासून आलात का?