प्रेक्षकाची खुर्ची नसलेला खेळ

भोकरदन तालुक्यातील असई हे गाव जालना जिल्ह्याबाहेरच्या किती मराठी माणसांस ठाऊक असेल, याविषयी मला शंकाच आहे. परंतु ज्यांना जालना नकाशावर दाखविता येणार नाही अशा इंग्लंड-अमेरिकेतील कित्येक गृहस्थांना त्या गावाजवळच्या केळणा नदीचा उतार नेमका कोठे होता, हे मात्र तोंडपाठ असते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ तेथे पडली, तेव्हा नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताही, ज्या अर्थी दोन काठांवर समोरासमोर दोन गावे वसली आहेत त्या अर्थी त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने केले आणि ते खरे ठरले. त्या एका दिवसात त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. आज हीच लढाई जेवणाच्या मेजावर निळ्या फितीच्या नद्या पसरून, बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडून आणि फासे टाकून पुन्हा पुन्हा खेळणारे शौकीन जगात आहेत, आणि ते असईचा निकाल लावीत असता स्वयंपाकघरात कोण असते, हा या लेखाचा विषय आहे.

या शौकाची वंशावळ थोडक्यात सांगतो. प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांना नकाशावर युद्धाचे शिक्षण मिळावे म्हणून राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात जो खेळ सिद्ध केला, त्यात दोन पक्षांखेरीज एक पंच बसविलेला असे, आणि धुक्यातून कोणाला काय दिसते याचा निवाडा तो करी. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या सर्व मुलग्यांना सरसकट आमंत्रण आहे, मुलींपैकी मात्र ज्या अधिक बुद्धिमान असून मुलग्यांच्या खेळांत रमतात तेवढ्यांनाच. ही अट वेल्सने थट्टेने घातली हे उघड आहे, पण त्या थट्टेची पुढे वहिवाट पडली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नेपोलियनच्या काळच्या, म्हणजे असईच्याच काळच्या, लढाया खेळणारी एक मंडळी होती. तिच्यातील डेव्हिड वेसली याने १९६९ च्या सुमारास प्रत्येक गड्याच्या हाती पलटण देण्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली, डेव्ह आर्नेसनने ती कल्पना भुयारांत आणि राक्षसांत नेली, विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्सने तिला नियमांत बांधले, आणि १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तिच्या पहिल्या एक हजार पेट्या विक्रीस निघाल्या. चारसहा जणांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, सूत्रधाराने प्रसंग सांगावा, आपले पात्र काय करते ते ज्याने त्याने बोलून दाखवावे आणि जेथे यशापयशाचा संशय असेल तेथे फाशाचा कौल घ्यावा, एवढाच हा खेळ.

त्याचा हा आद्य स्मृतिकार गायगॅक्स पूर्वी विम्याच्या कचेरीत नोकरीस होता. १९७० साली ती नोकरी सुटल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून त्याने काही काळ चरितार्थ चालविला. त्याच्याविषयी अशी हकीकत सांगतात की, लग्नानंतर काही वर्षांनी हा गृहस्थ रात्री वारंवार बाहेर राहू लागला तेव्हा त्याच्या गरोदर पत्नीला दुसऱ्या बाईचा संशय आला, आणि एके रात्री माग काढीत ती एका मित्राच्या तळघरात जाऊन थडकली, तो तेथे पतिराज मित्रांसह नकाशावर ओणवे झालेले. सवत सापडली असती तर तिला निदान भांडता तरी आले असते. नकाशाशी भांडावे कसे? पुढे १९८३ साली त्या दांपत्याची फारकत झाली. त्याची कारणे अनेक असतील आणि सारा दोष नकाशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, हे मी आधीच नमूद करून ठेवतो. त्याचा पहिला भागीदार डॉन के याने तर आपल्या आयुर्विम्यावर हजार डॉलर उचलून या धंद्यात घातले होते, आणि आयुर्विम्याचा पैसा अखेर कोणाचा असतो हे संसारी वाचकांस सांगावयास नको. १९७५ च्या जानेवारीत तो ऐन उमेदीत हृदयविकाराने वारला, त्याचा हिस्सा त्याच्या विधवेकडे आला, आणि गृहिणीचे नाव या शौकाच्या दफ्तरात प्रथम दाखल झाले ते असे, वारसाहक्काने.

हे सारे परदेशचे झाले. पण दोन वर्षांपूर्वी जालन्यात माझ्या भाच्याच्या घरी गेलो असता भाचेसुनेने देव्हाऱ्याकडे बोट दाखवून मला विचारले, “मामा, हा खडा कोणत्या ग्रहाचा असतो हो? यांच्या पँटच्या खिशात सापडला. धुवायला टाकणारच होते.” बाळकृष्णाशेजारी, दोन अक्षता आणि एक जास्वंदीचे फूल वाहिलेला, हिरवट, अर्धपारदर्शक, बोराएवढा तो खडा मी चष्मा लावून पाहिला, तो त्याच्या त्रिकोणी वीस बाजूंवर १ पासून २० पर्यंत आकडे कोरलेले आणि १७ च्या खाचेत चिमूटभर कुंकू बसलेले. साडेसातीवर कोणी गुरुजींनी दिलेला तोडगा असेल, विचारले तर कदाचित गुण जाईल, म्हणून त्या बिचारीने नवऱ्याला काही न विचारता आठ दिवस त्याची पूजा केली होती. नवरा त्याच आठ दिवसांत घरभर काहीतरी शोधीत होता. तोही विचारीत नव्हता.

मला त्या दिवशी हसू आले खरे, पण परतीच्या वाटेवर मन त्या न विचारण्यापाशी अडून राहिले. माझा भाचा काही चोरून जुगार खेळत नव्हता. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर चार मित्रांसह एकाच्या माडीवर तो जमे. पाण्याची बाटली आणि शेंगदाणे यांखेरीज तेथे कसलेही व्यसन नव्हते. पत्ते, कॅरम, बुद्धिबळ यांविषयी बायकोला सांगता येते, कारण त्या खेळांत डाव असतो, डाव संपतो, कोणी जिंकतो, आणि नवरा घरी येऊन ‘हरलो’ एवढे एक वाक्य बोलला तरी हकीकत पुरी होते. ज्याला ही मंडळी ‘कॅम्पेन’ म्हणतात ते प्रकरण मात्र महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालते, त्यात कोणी जिंकत नाही, आणि एक गडी गैरहजर राहिला तर साऱ्यांचे ‘सेशन’ तहकूब करावे लागते; म्हणून घरी पाहुणे आले असता ‘आज नाही गेलात तर काय बिघडेल’ या साध्या प्रश्नाला नवऱ्यापाशी जे उत्तर असते, ते उच्चारले तर वेडेपणाचे वाटेल असे असते. आज मी गेलो नाही तर एक वैद्य मरेल, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

तरुणपणी मी हौशी नाटकांत कामे केली आहेत. राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत शाळेच्या वर्गखोलीत आमच्या तालमी रात्री एक-एक वाजेपर्यंत चालत, आणि घरी पोळ्या ताटाखाली झाकून ठेवून आमच्या सौभाग्यवती भिंतीकडे तोंड करून निजलेल्या असत. तक्रार तेव्हाही होती; परंतु प्रयोगाच्या दिवशी त्यांना पहिल्या रांगेतला पास मिळे, नवी साडी नेसून त्या येऊन बसत, आणि दोन महिने ज्यासाठी नवरा घराबाहेर राहिला ते काय होते, हे सर्वांसमक्ष त्यांच्या दृष्टीस पडे. एकदा तर मी नायक असलेले नाटक पाहून परतताना त्यांनी एवढाच अभिप्राय दिला होता की, त्या बाईचा पदर दोनदा घसरला, तो तुम्ही उचलून द्यायला नको होता. तो अभिप्राय देण्याचा अधिकार प्रेक्षकाचा होता. मेजावरच्या या नव्या नाटकात रंगमंच आहे, पात्रे आहेत, सूत्रधार आहे, केवळ प्रेक्षकाची खुर्ची नाही. तेथे जो खेळत नाही तो दाराबाहेर. आणि दाराबाहेरच्या माणसाला आतला हशा तेवढा ऐकू येतो. अशात नवऱ्याच्या पात्राने आतल्या कुण्या राजकन्येशी लग्न लावले तर पदराविषयी बोलावयाचीही सोय नाही.

यावर जाणती मंडळी एक उपाय सुचवितात, तो असा की, बायकोलाही खेळात घ्यावे. हा उपाय मला निम्माच मान्य आहे. जिला खरोखर आवड आहे तिला अवश्य घ्यावे. परंतु केवळ शनिवारच्या रात्रीची परवानगी पदरात पडावी म्हणून बायकोला मेजावर बसविणे म्हणजे फिर्यादीलाच पंच नेमण्यासारखे आहे. शिवाय नवरा सूत्रधार असेल तर त्याने तिच्या पात्राला वाचविले की मित्र हसतात, आणि मरू दिले की रविवार जड जातो. याहून मोठी अडचण चहाची. माझ्या भाच्याकडे एकदा ही बैठक भरली आणि भाचेसुनेलाही एक पात्र मिळाले, तेव्हा मी मुद्दाम कोपऱ्यात बसून पाहिले. पहिल्या दोन तासांत ती चार वेळा उठली. एकदा चहाला, एकदा पोह्यांना, एकदा सासूबाईंच्या गोळीला, एकदा धाकटा झोपेतून रडला म्हणून. दर वेळी ती परतली की तिच्या पात्राने काय केले हे दुसऱ्याच कोणी ठरवून टाकलेले असे. शेवटी ती म्हणाली, “मामा, माझी धनुर्धारीण गुहेत कमी अन् ओट्यापाशीच जास्त आहे.” खेळणाऱ्यांपैकी एकाही पुरुषाला आपण कप उचलून आत न्यावा असे त्या रात्री सुचले नाही, यात माझाही समावेश आहे. आणि रात्री साडेबारा वाजता माडीवरून उतरून एकट्याने घरी चालत जाणे आपल्या गावांत भाच्याला जितके सहज आहे तितके भाचेसुनेला नाही, ही गोष्ट तर नियमांच्या कोणत्याच पुस्तकात लिहिलेली नसते.

खेळात बायकोला बरोबरीने घेणे कसे असते, हे पाहावयाचे तर शेजारच्या जिल्ह्यात वेरूळला जावे. तेथील २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. पार्वती तेथे नैवेद्याचे ताट घेऊन उभी नाही. ती पटावर बसली आहे, डाव तिचाही आहे, आणि पुराणांतील कथा खऱ्या मानावयाच्या तर ती शंकराकडून सर्वस्व जिंकून घेते व मग त्यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण होते. शिल्पकाराने त्या दोघांच्या खाली नंदी आणि त्याला छळणारे शिवगण कोरले आहेत. ते मला मोठे मार्मिक वाटते, कारण दोन्ही मालक पटावर गुंतले की घरातली पोरेबाळे आणि गुरेढोरे यांचे जे व्हावयाचे तेच तेथे होत आहे, आणि त्यासाठी एकट्या पार्वतीला उठविण्याची बुद्धी मात्र शिल्पकाराला झालेली नाही. संसार आणि शौक यांचा मेळ पुरुषाला साधतच नाही, असे माझे म्हणणे नाही. आमच्याच जिल्ह्यात, जांबेस जन्मलेले समर्थ रामदास ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले असे परंपरा सांगते. पण त्यांनी अक्षता पडण्यापूर्वी काढता पाय घेतला. अक्षता पडल्यानंतर दर शनिवारी थोडे थोडे निघून जाणे, ही निराळी बाब आहे.

माझी मागणी फार लहान आहे. खेळणाऱ्याने महिन्याच्या बैठकी महिन्याच्या आरंभी दिनदर्शिकेवर लिहाव्यात, गॅसचा नंबर आणि दूधवाल्याचे खाडे जेथे लिहितात तेथेच. तेवढेच तास जोडीदाराच्या खाती जमा धरावेत, आणि ते त्याने वा तिने भजनी मंडळात घालविले, माहेरी घालविले की नुसते झोपून घालविले, याचा हिशेब मागू नये. आणि घरी आल्यावर काय घडले ते सांगावे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. जागे असलेल्या, पण न खेळणाऱ्या माणसाला समजेल अशा शब्दांत त्या रात्रीची कथा पाच मिनिटांत सांगता येणे, हे कौशल्य वीस बाजूंच्या फाशावर ठरत नाही. परंतु ते साधले तर प्रेक्षकाची जी खुर्ची खेळात नाही ती निदान ओट्यापाशी तरी मांडली जाते. माझ्या भाच्याला ते हळूहळू साधत आहे असे दिसते, कारण मागच्या खेपेस मी गेलो तेव्हा भाचेसुनेने पोळी लाटता लाटता मला सांगितले की, तो वैद्य मेला, आणि खरे म्हणजे तो मरायलाच हवा होता, मेला लबाड होता. ती आता खेळत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भाचा जातो, दुसऱ्या शनिवारी तिची भिशी असते आणि त्या दिवशी वरणभात तो लावतो. कुकरच्या किती शिट्या करायच्या, हे अजून फोन करून विचारतो, एवढेच.

फासा देव्हाऱ्यातच आहे. एकदा बसविलेला देव उठवू नये, असे सासूबाईंचे मत पडल्यामुळे खेळाच्या दिवशी तो भाच्याला बायकोकडून मागून घ्यावा लागतो, आणि तो हातावर ठेवण्यापूर्वी ती विचारते, “किती वाजता याल?”