बॉलिंग तुझी, कॅप्टन्सी आमची!

आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाक्य फार फेमस आहे. 'खेळात जात-बीत काही नसते यार!' इंटर-डिपार्टमेंट मॅचेस जवळ आल्या की हे हमखास कानावर पडतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मला हे वाक्य पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला सव्वाशे वर्षं मागे, पुण्यातल्या क्रिकेटच्या मैदानावर जावं लागेल.

माझी शाळा कॉन्व्हेंटची (तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या). त्यामुळे अमेरिकेतल्या जॅकी रॉबिन्सनचं नाव मला शाळेतच कळलं. गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये बंदी असताना आत शिरलेला काळा खेळाडू. बाळू पालवणकर हे नाव मात्र एकाही पुस्तकात भेटलं नाही. ते भेटलं कॉलेजला आल्यावर, रामचंद्र गुहांच्या २००२ साली आलेल्या 'ए कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या पुस्तकात. एंड सेम तोंडावर असताना वाचलं. पीएलमध्ये अवांतर वाचनाचा मूड कसा येतो, हे सगळ्यांना माहीत आहेच!

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून लहानपण पुण्यात गेलं. पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर पीच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि कुणाला प्रॅक्टिस हवी असली तर बॉल टाकायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ साली तो साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेला, तिथे चार रुपये. तिथला मोठा बॅट्समन कॅप्टन ग्रेग रोज बाळूच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करायचा. आपल्याला आउट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात. आणि एवढी वर्षं नेटमध्ये बॉल टाकणाऱ्या बाळूच्या हातात बॅट कधीच कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूचा. (क्रिकेटर आपला वाटला की आपण एकेरीवर येतो, जसा सचिन, तसा बाळू. गैरसमज नसावा.)

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं. घेतलं तर बाळूला घ्यावं लागणार, आणि घेतलं तर विटाळ. खूप चर्चा झाली म्हणे. शेवटी घेतला. 'लगान'मधला कचरा आठवतो ना? तिथे भुवन एक भाषण करतो आणि सगळं गाव तयार होतं. खऱ्या गोष्टीत असं झालं नाही. मैदानावर बाळू संघातला. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यातून, वापरून फेकून देण्याच्या. बाकीच्यांना चिनी मातीचे कप. जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी.

इथे मी खरंच अडकलो. क्रिकेटचा बॉल कशाचा असतो? कातड्याचा. तो बाळूच्या बोटांतून सुटला, बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये गेला, तिथल्या उच्चवर्णीय फिल्डरने दोन्ही हातांनी पकडला आणि सगळे नाचले. तेव्हा बॉल बाटला नाही. दहा मिनिटांनी चहाचा कप बाटत होता! आमच्या मेकॅनिक्सच्या सरांना विचारायला हवं, हा विटाळ नेमक्या कुठल्या पृष्ठभागावरून ट्रान्स्फर होतो.

पुढे १८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेला, तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू होता, त्याचा भाऊ शिवरामही होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर बाळूने सगळे सामने धरून ११४ विकेट काढल्या. त्या दौऱ्यात आपला संघ बहुतेक हरतच होता. कॅप्टन कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. सामने मोजकेच खेळले, पण महाराज होते ना! बाळूची एकूण फर्स्ट क्लास कारकीर्द ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. बॉलिंगची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, हे मुलींच्या हॉस्टेलमध्येही सगळ्यांना माहीत आहे, म्हणून समजावत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एवढं सगळं करून बाळूला हिंदू संघाची कॅप्टन्सी मिळाली नाही. एम. डी. पै कॅप्टन झाले तेव्हा त्यांनी स्वतःच म्हटलं होतं की हा मान सीनियर म्हणून बाळूचा होता. १९२० साली तर कमाल झाली. पै खेळू शकत नव्हते. कॅप्टन म्हणून दि. ब. देवधरांचं नाव आलं आणि बाळूला संघातच घेतलं नाही. तेव्हा शिवराम आणि धाकटा विठ्ठल, दोघंही उत्तम बॅट्समन, त्यांनी सरळ खेळायला नकार दिला. मग फायनलआधी धावपळ! पै परत आले, दोघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाला. पै मध्येच थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूने संघ सांभाळला. वय चव्वेचाळीस. सगळ्या कारकिर्दीत कॅप्टन्सी म्हणून मिळाली ती एवढीच. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली, पण बाळूचे दिवस तोवर संपले होते.

आणि १९२० याच सालात तिकडे अमेरिकेत काय चाललं होतं पाहा. तिथे काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. कागदावर नियम नाही, पण मालकांचं आपसात ठरलेलं. १८८४ साली फ्लीटवूड वॉकर टोलेडोच्या संघातून खेळला होता, त्यानंतर दार बंद. मग रूब फॉस्टर नावाच्या जबरदस्त पिचरने १९२० च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीला काळ्या संघांच्या मालकांची मीटिंग घेतली आणि नीग्रो नॅशनल लीग काढली. आपले संघ, आपले मॅनेजर, आपले कॅप्टन! बसने रात्र-रात्र प्रवास, कित्येक गावांत हॉटेलात खोली मिळायची नाही, तरी खेळ असा की लोक बघत राहायचे. जॉश गिब्सन त्यातलाच. तो १९४७ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला, आणि एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनला मोठ्या लीगचं दार उघडलं. तीन महिन्यांचा फरक.

मला विचाराल तर या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. अमेरिकेतला भेदभाव सरळ दिसतो. दोन लीग, दोन वह्या. म्हणून तो पुढे मोजताही आला. मे २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले आणि बॅटिंग सरासरीत सगळ्यात वर नाव आलं जॉश गिब्सनचं, .३७२. इतकी वर्षं वर असलेला टाय कॉब दुसरा झाला. मेल्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे उपयोगाचं काय, असं कुणी म्हणेल. पण वही तर दुरुस्त झाली!

आपल्याकडे वही दुरुस्त करताच येत नाही, कारण वहीत चूक दिसतच नाही. बाळूच्या १७९ विकेट तिथेच आहेत, पूर्ण. मातीच्या भांड्यासाठी स्कोअरशीटमध्ये कॉलम नसतो. 'कॅप्टन केलं नाही' यासाठीही नसतो. म्हणून आपण छातीठोकपणे म्हणतो, बघा, खेळवलं ना त्याला! देवधरांच्या नावाने देवधर करंडक आहे. ते मोठेच खेळाडू होते, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बाळूच्या नावाची एकही राष्ट्रीय स्पर्धा नाही, एवढंच नोंदवतो.

आपण जनाबाईच्या गंगाखेडमध्ये शिकतो. तिच्याच काळातल्या चोखोबांचे अभंग वारीत सगळे गातात, पण चोखोबांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर. अभंग आत, माणूस बाहेर. पॅव्हेलियनची ही पद्धत आपल्याकडे क्रिकेटच्या बरीच आधी आली.

हे सगळं जुनं झालं म्हणता? रूमवर नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न कुठला असतो? 'पूर्ण नाव सांग.' आडनाव कळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. गेल्या सीझनला आमच्या टीमची निवड एका रूममध्ये, चहा-बिस्किटांवर झाली. मीही होतो. आमचा सगळ्यात चांगला बॉलर, तीन वर्षं एकही मॅच न चुकवलेला, त्याचं नाव कॅप्टनसाठी निघालं. एकजण म्हणाला, "चार ओव्हर फिक्स देऊ त्याला. पण कॅप्टन नको. पोरं ऐकणार नाहीत त्याचं." मी विचारलं, "कुठली पोरं?" मग जर्सीचा कलर निळा की मरून यावर जोरदार चर्चा सुरू झाली!

माझं म्हणणं साधं आहे. कॅप्टन रूममध्ये ठरू नये. जे पंधराजण खेळणार त्यांनी ग्राउंडवर, स्पोर्ट्सच्या सरांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात, चिठ्ठ्या तिथेच मोजाव्यात. आणि बेस्ट बॉलरच्या कपाला बाळू पालवणकरांचं नाव द्यावं. कप तोच, फक्त नाव कोरायचा खर्च. लायब्ररीत गुहांचं पुस्तक आणि विठ्ठल पालवणकरांचं १९४८ चं आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन' मिळालं तर तेही मागवावं. तिन्ही मागण्यांचा अर्ज लिहून झाला आहे. आमच्या रूमच्या चार सह्या झाल्यात. कागद कॉमन रूममध्ये कॅरमच्या शेजारी ठेवलाय, पेनही बांधून ठेवलंय.